पुन्हा फळ्याकडे

अल्बर्ट आइन्स्टाइन हे नाव उच्चारले, की विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा एक वृद्ध, प्रसन्न चेहरा डोळ्यांसमोर उभा राहतो. काळ, अवकाश आणि गुरुत्वाकर्षण यांविषयीच्या मानवी कल्पना ज्यांनी मुळापासून बदलल्या, असे हे शास्त्रज्ञ. त्यांच्या कीर्तीच्या झगमगाटात त्यांच्या आयुष्यातील एक काळ मात्र झाकोळून जातो. शिक्षक होण्यासाठी रीतसर शिक्षण घेतलेल्या या तरुणाला पदविका मिळाल्यापासून तब्बल नऊ वर्षे कोणत्याही शिक्षणसंस्थेत कायमची जागा मिळाली नाही. कुठे अर्जाला उत्तर आले नाही, कुठे निवड झाली नाही आणि जेव्हा विद्यापीठाचे दार किलकिले झाले, तेव्हा त्यांचे शिकवणे ऐकायला आलेल्या परीक्षकाने नापसंती दर्शवली. हाती चांगली सरकारी नोकरी असताना पुन्हा अध्यापनाकडे वळावे की वळू नये, हा प्रश्न त्या वेळी त्यांच्यासमोर उभा राहिला. त्या प्रश्नाची आणि त्यांनी शोधलेल्या उत्तराची ही हकिकत आहे.

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पुढच्याच वर्षी हे कुटुंब म्युनिकला आले. तेथे वडील हेर्मान आणि काका याकोब यांनी विजेची उपकरणे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. घोकंपट्टी आणि कडक शिस्त यांवर भर देणारी तेथील शाळा अल्बर्टला कधीच मानवली नाही. या मुलाच्या हातून पुढे काही घडणार नाही, असे भाकीतही एका शिक्षकाने करून टाकले होते. व्यवसायात खोट आल्यामुळे १८९४ मध्ये कुटुंब इटलीला गेले आणि शिक्षणासाठी मागे ठेवलेला पंधरा वर्षांचा अल्बर्ट त्याच वर्षाच्या अखेरीस शाळा अर्धवट सोडून आईवडिलांकडे निघून गेला. पुढे १८९५ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. नेहमीच्या परीक्षार्थींहून तो सुमारे दोन वर्षांनी लहान होता. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याने चमक दाखवली. परंतु इतर विषयांत तो कमी पडला आणि प्रवेश हुकला.

या अपयशाने एक चांगली गोष्ट घडवली. राहिलेले शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी तो आराउ या गावातील शाळेत दाखल झाला. थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या शाळेत पाठांतरापेक्षा निरीक्षणाला आणि स्वतंत्र विचाराला महत्त्व होते. शिक्षक विद्यार्थ्यांना धाकात ठेवत नसत. त्यांच्याशी बरोबरीने बोलत. तेथील एक शिक्षक योस्ट विंटेलर यांच्याच घरी अल्बर्ट राहत असे. चांगला शिक्षक कसा असतो, हे त्याने प्रथम येथे पाहिले.

१८९६ मध्ये तो पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. त्याने निवडलेला विभाग गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक घडवणारा होता. म्हणजे अध्यापन हाच त्याचा ठरलेला व्यवसाय होता. मात्र विद्यार्थी म्हणून तो प्राध्यापकांचा लाडका कधीच नव्हता. व्याख्याने बुडवायची, नव्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ आपल्या खोलीत बसून वाचायचे आणि परीक्षा जवळ आली, की मार्सेल ग्रॉसमान या मित्राच्या नेटक्या वह्यांवर अभ्यास भागवायचा, असा त्याचा क्रम असे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिख वेबर यांची मर्जी त्याने या स्वभावामुळे गमावली. जुलै १९०० मध्ये त्याला पदविका मिळाली. त्याच्याबरोबर उत्तीर्ण झालेल्या तिन्ही सहाध्यायांना पॉलिटेक्निकमध्येच साहाय्यकाच्या जागा मिळाल्या. आइन्स्टाइन यांना मात्र कोणीही बोलावले नाही.

त्यानंतरचे वर्ष अर्ज लिहिण्यात गेले. जर्मनी, हॉलंड, इटली अशा अनेक देशांतील प्राध्यापकांना त्यांनी पत्रे पाठवली. आपला पहिला शोधनिबंध त्यांनी लाइपझिग येथील विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे पाठवला आणि साहाय्यकाची जागा आहे का, अशी विचारणा केली. हॉलंडमधील लायडनच्या प्राध्यापकांना लिहिताना तर उत्तरासाठी टपालखर्च भरलेले कार्डही सोबत जोडले. उत्तरे आली नाहीत. मुलाची ही अवस्था पाहून कर्जाने आणि आजाराने खचलेल्या वडिलांनी एप्रिल १९०१ मध्ये त्याच्या नकळत ओस्टवाल्ड यांना एक पत्र लिहिले. आपला मुलगा निराश झाला आहे, आपण कुटुंबावरचा भार आहोत ही भावना त्याला खात आहे, तेव्हा त्याला निदान उत्तेजनाचे दोन शब्द लिहावेत, अशी विनवणी त्या साध्या व्यापाऱ्याने एका मोठ्या विद्वानाला केली होती. त्या पत्रानेही काही घडले नाही.

अशा वेळी विंटरटूर येथील तंत्रविद्यालयातून बोलावणे आले. तेथील एक प्राध्यापक लष्करी सेवेसाठी जाणार होते आणि मे ते जुलै १९०१ या काळात त्यांच्या जागी गणित शिकवायचे होते. काम जवळजवळ आठवड्याला तीस तासांचे होते. हे आपल्याला पेलेल का, अशी शंका त्यांना होती. प्रत्यक्षात उलटेच घडले. सकाळी पाच-सहा तास शिकवूनही त्यांना थकवा जाणवत नसे. दुपारी ते वाचनालयात जात आणि संध्याकाळी घरी आपल्या आवडीच्या प्रश्नांवर विचार करत. शिकवण्यात एवढा आनंद असेल, याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांनी विंटेलर यांना आवर्जून कळवले. पुढे ज्या निर्णयाची वेळ आली, तिच्या मुळाशी या दोन महिन्यांचा अनुभव होता. आपण शिकवू शकतो, हे त्यांना स्वतःपुरते कळले होते. इतरांना ते पटवून देणे मात्र अजून बाकी होते.

विंटरटूरची मुदत संपली. शाफहाउझेन येथील एका खाजगी शाळेत एका विद्यार्थ्याला परीक्षेसाठी तयार करण्याचे काम त्यांना मिळाले. पण चालकांशी मतभेद होऊन काही महिन्यांतच ते सुटले. १९०२ च्या प्रारंभी ते बर्नला आले आणि तेथील एका वृत्तपत्रात त्यांनी जाहिरात दिली, की गणित आणि भौतिकशास्त्राच्या खाजगी शिकवण्या घेतल्या जातील; पहिला पाठ विनामूल्य. तासाला तीन फ्रँक एवढी त्यांची फी होती. जाहिरात वाचून आलेला मोरीस सोलोव्हीन हा तरुण विद्यार्थी म्हणून आला आणि जन्माचा मित्र झाला. दोघांच्या गप्पा इतक्या रंगू लागल्या, की शिकवणी आणि फी दोन्ही बाजूला राहिली.

अखेर ग्रॉसमान पुन्हा मदतीला आला. त्याच्या वडिलांनी बर्न येथील पेटंट कार्यालयाचे संचालक फ्रीडरिख हालर यांच्याकडे शब्द टाकला. हालर यांनी कसून मुलाखत घेतली. यंत्रांच्या तांत्रिक बाजूचे उमेदवाराचे ज्ञान अपुरे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. तरीही त्याच्या बुद्धीची झेप ओळखून त्यांनी त्याला तिसऱ्या श्रेणीचा तंत्रज्ञ म्हणून घेतले. जून १९०२ मध्ये, वर्षाला ३,५०० फ्रँक वेतनावर, आइन्स्टाइन रुजू झाले. मुलगा मार्गी लागल्याचे पाहून वडिलांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिलान येथे डोळे मिटले. जानेवारी १९०३ मध्ये पॉलिटेक्निकमधील सहाध्यायी मिलेव्हा मारिच यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९०४ मध्ये हान्स अल्बर्ट या मुलाचा जन्म झाला. घर स्थिरावले.

पेटंट कार्यालयातील काम आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास चाले. नव्या यंत्रांचे आराखडे तपासायचे, त्यांतील नवीन काय आणि जुने काय ते वेगळे काढायचे आणि आपला अभिप्राय नेमक्या शब्दांत नोंदवायचा. शोधकाच्या म्हणण्यावर एकदम विश्वास ठेवू नये, ही हालर यांची शिकवण होती. या शिस्तीने आइन्स्टाइन यांच्या विचाराला धार आली. उरलेल्या वेळात त्यांचे संशोधन चालू होते. १९०५ या एका वर्षात त्यांनी प्रकाशाचे कण, अणूंचे अस्तित्व आणि सापेक्षता या विषयांवर जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांनी भौतिकशास्त्राचे रूपच बदलले. झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेटही त्यांना मिळाली. १९०६ मध्ये कार्यालयात बढती होऊन वेतन ४,५०० फ्रँक झाले. बर्लिनचे माक्स प्लांक त्यांच्याशी पत्रव्यवहार करू लागले. त्याच सुमारास माक्स फॉन लाउए हे तरुण शास्त्रज्ञ सापेक्षतेच्या जनकाला भेटण्यासाठी बर्नला आले, तेव्हा समोरून आलेला साधासा कारकुनी वेशातला तरुण म्हणजेच आइन्स्टाइन, हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि त्यांनी त्याला तसेच पुढे जाऊ दिले.

विद्वानांच्या जगात नाव होत होते. परंतु वर्गाचे दार बंदच होते. स्वित्झर्लंडमधील विद्यापीठांत प्राध्यापक होण्याआधी खाजगी व्याख्याता म्हणून शिकवण्याची परवानगी मिळवावी लागे. या व्याख्यात्याला विद्यापीठ वेतन देत नसे. व्याख्यानाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीवरच त्याची प्राप्ती अवलंबून असे. १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी बर्न विद्यापीठाकडे यासाठी अर्ज केला आणि आपले प्रसिद्ध झालेले सतरा निबंध सोबत जोडले. नियमानुसार अप्रकाशित असा एक नवा प्रबंध हवा होता. तो नसल्यामुळे अर्ज पुढे गेला नाही. आपले काम पुरेसे असताना हा आग्रह कशासाठी, असे वाटून आइन्स्टाइन यांनी तो नाद सोडून दिला.

त्यांना संशोधनासाठी थोडी अधिक मोकळीक हवी होती. ती शाळेतील नोकरीत मिळेल, असे त्यांना वाटले. जानेवारी १९०८ मध्ये त्यांनी ग्रॉसमानला पत्र लिहून विंटरटूरच्या तंत्रविद्यालयातील जागेविषयी सल्ला विचारला. त्या पत्रातील शंका आजच्या कोणत्याही उमेदवाराला ओळखीच्या वाटतील. स्वतः जाऊन संबंधितांना भेटावे का? भेटल्यास आपली छाप वाईट तर पडणार नाही? आपल्याला स्थानिक बोली बोलता येत नाही, आपण ज्यू आहोत हे चेहऱ्यावरून दिसते, हे आड तर येणार नाही? आपल्या निबंधांची महती सांगणे योग्य दिसेल का? ज्याच्या लेखनाची चर्चा बर्लिनमध्ये चालली होती, तो मनुष्य शाळेच्या नोकरीसाठी अशा चिंता करत होता. त्याच महिन्यात त्यांनी झुरिक येथील एका शाळेत गणित आणि भूमितीय रेखाटन शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केला. भौतिकशास्त्र शिकवण्याचीही तयारी दर्शवली आणि आपले सर्व निबंध जोडले. एकवीस अर्ज आले होते. अंतिम विचारासाठी निवडलेल्या तिघांत आइन्स्टाइन यांचे नाव नव्हते.

याच वेळी झुरिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड क्लाइनर पुढे आले. आइन्स्टाइन यांच्या डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनीच तपासला होता. आपल्या विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राची एक नवी जागा निर्माण करावी आणि तेथे आइन्स्टाइन यांना आणावे, असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी उमेदवाराला शिकवण्याचा अनुभव हवा, म्हणून त्यांनी बर्नमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याचा आग्रह धरला. आइन्स्टाइन यांनी आपला हट्ट बाजूला ठेवला, नवा प्रबंध लिहून दिला आणि फेब्रुवारी १९०८ च्या अखेरीस त्यांना शिकवण्याची परवानगी मिळाली.

उन्हाळी सत्रात त्यांची व्याख्याने सुरू झाली. दिवसभराची नोकरी सोडलेली नव्हती. त्यामुळे मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सात ते आठ ही अवघड वेळ निवडावी लागली. वर्गात तीन श्रोते असत आणि तिघेही मित्रच होते. त्यांपैकी मिकेले बेसो यांच्याशी तर आइन्स्टाइन रोजच भौतिकशास्त्रावर बोलत. विद्यार्थ्याला अनोळखी विषय पायरीपायरीने समजावून देण्याची गरजच त्या वर्गात निर्माण होत नव्हती. वक्त्याने मनातले बोलावे आणि मित्रांनी ते समजून घ्यावे, असा तो प्रकार होता.

अशाच एका व्याख्यानाला क्लाइनर स्वतः येऊन बसले. ही भेट म्हणजे मुलाखतच होती. आइन्स्टाइन यांची तयारी पुरेशी नव्हती आणि आपली पारख होत आहे या जाणिवेने ते अस्वस्थही झाले होते. व्याख्यान रंगले नाही. हे शिकवणे प्राध्यापकपदाला साजेसे नाही, असे क्लाइनर यांनी त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्यावर, आपल्याला त्या पदाची काही निकड नाही, असे आइन्स्टाइन यांनी शांतपणे उत्तर दिले. क्लाइनर झुरिकला परतले. आइन्स्टाइन स्वतःशीच बोलल्यासारखे बोलतात, शिक्षक होण्यापासून ते अजून फार दूर आहेत, असे त्यांचे मत तेथे पसरले. त्या जागेची आशा संपल्यासारखी झाली.

येथे थांबून त्यांच्या परिस्थितीचा विचार करायला हवा. वय एकोणतीस. पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा. ४,५०० फ्रँकांची कायमची सरकारी नोकरी, जिथे त्यांच्या कामाची कदर होती. संशोधनही अडलेले नव्हते. गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताचे बीज ठरलेली कल्पना त्यांना १९०७ मध्ये याच कार्यालयातील खुर्चीवर बसलेले असताना सुचली होती. दुसऱ्या बाजूला होते ते अध्यापन. आठ वर्षांत त्याने त्यांना दोन महिन्यांचा आनंद आणि नकारांची एक लांबलचक यादी दिली होती. शिवाय या वेळचा नकार आधीच्या नकारांसारखा नव्हता. पूर्वी अर्ज वाचून किंवा न वाचता नकार मिळाला होता. आता एका जाणकाराने, त्यांचे भले इच्छिणाऱ्या माणसाने, समोर बसून, ऐकून नकार दिला होता. अध्यापनाचा विचार कायमचा सोडून देण्यासाठी याहून सबळ कारण कोणते हवे होते?

आइन्स्टाइन यांना दुखावल्यासारखे झाले, यात शंका नाही. आपल्याविषयीचे प्रतिकूल मत सर्वत्र पसरू देऊन आपली उमेद मारली, अशी तक्रार त्यांनी क्लाइनर यांना पत्राने कळवली. परंतु त्या मतात तथ्य नव्हते, असे त्यांनी स्वतःला समजावले नाही. आपण त्या दिवशी चांगले बोललो नाही, याचे कारण अपुरी तयारी आणि परीक्षेचे दडपण हे होते, अशी कबुली त्यांनी एका मित्राजवळ दिली. या कबुलीतच पुढची वाट होती. तयारी करता येते. दडपणावर मात करता येते. जो दोष ओळखता येतो, तो दूरही करता येतो. क्लाइनर यांनीही मोठेपणा दाखवला. शिकवण्याची क्षमता आहे, हे पटवून दिल्यास जागेचा विचार पुन्हा होईल, असे त्यांनी सांगितले. त्यावर आइन्स्टाइन यांनी स्वतःहून एक सूचना केली. झुरिकच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे आपण व्याख्यान देऊ. ते ऐकून निर्णय घ्यावा.

बर्नच्या वर्गात तीन मित्र होते. झुरिकला समोर जाणकारांची सभा असणार होती. एकदा जेथे नापसंतीचा शिक्का बसला, तेथेच पुन्हा उभे राहायचे होते. हे व्याख्यान फसले असते, तर पुढे सांगण्यासारखे कोणतेही कारण उरले नसते. फेब्रुवारी १९०९ मध्ये ते व्याख्यान झाले आणि ते उत्तम वठले. आपल्या नेहमीच्या सवयीविरुद्ध आपण त्या दिवशी चांगले बोललो, असे आइन्स्टाइन यांनी नंतर विनोदाने मित्राला कळवले. क्लाइनर यांचे समाधान झाले. ज्यांनी प्रतिकूल मत दिले होते, त्यांनीच आता शिफारस लिहिली.

या प्रसंगात आणखी एका व्यक्तीचे स्मरण ठेवले पाहिजे. त्या जागेसाठी फ्रीडरिख आडलर यांचेही नाव पुढे होते. ते आइन्स्टाइन यांचे विद्यार्थिदशेपासूनचे परिचित आणि झुरिक विद्यापीठातच शिकवणारे तरुण भौतिकशास्त्रज्ञ. आइन्स्टाइन यांच्यासारखा मनुष्य मिळत असताना आपली निवड करणे योग्य ठरणार नाही, अशी भूमिका त्यांनी मोकळेपणाने घेतली. मार्च १९०९ मध्ये प्राध्यापकमंडळाने मतदान केले. उमेदवार ज्यू असल्याबद्दल काहींच्या मनात किंतु होता, तो क्लाइनर यांच्या ग्वाहीने मागे पडला. दहा मते अनुकूल पडली आणि एक सदस्य तटस्थ राहिला.

नेमणूक ठरली, तरी आइन्स्टाइन यांनी घाईने होकार दिला नाही. देऊ केलेले वेतन पेटंट कार्यालयातील वेतनापेक्षा कमी होते. संसाराची जबाबदारी असलेल्या माणसाने केवळ प्रतिष्ठेसाठी तोटा पत्करावा, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार कळवला. तेव्हा वेतन वाढवून ४,५०० फ्रँक, म्हणजे हाती असलेल्या वेतनाएवढेच, करण्यात आले. मग जुलै १९०९ मध्ये त्यांनी पेटंट कार्यालयाचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात जिनिव्हा विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या समारंभात हाच सन्मान मिळालेल्यांमध्ये मारी क्युरी यांच्यासह विल्हेल्म ओस्टवाल्डही होते. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे वडिलांनी विनवणी केली होती, तेच हे ओस्टवाल्ड. पुढे नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइन यांचे नाव सर्वप्रथम सुचवणारेही तेच ठरले. हे पाहायला वडील मात्र राहिले नव्हते.

ऑक्टोबर १९०९ मध्ये आइन्स्टाइन झुरिकच्या वर्गात उभे राहिले. विद्यार्थ्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींतून त्यांचे चित्र स्पष्ट दिसते. अंगावर जुने कपडे, आखूड झालेली विजार आणि हातात लहानशा कार्डाएवढा कागदाचा तुकडा. व्याख्यानाची टिपणे तेवढीच. सुरुवातीला विद्यार्थी साशंक होते. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आले, की येथे तयार उत्तरे वाचून दाखवली जात नाहीत. विचार कसा घडतो, हेच आपल्यासमोर उलगडत आहे. मध्येच थांबवून शंका विचारण्याची सर्वांना मुभा होती. शंका कितीही साधी असली, तरी तिची थट्टा होत नसे. संध्याकाळच्या चर्चेनंतर ते विद्यार्थ्यांना घेऊन उपाहारगृहात बसत आणि विषय पुढे चालू राही. आराउच्या शाळेतील बरोबरीची वागणूक जणू त्यांच्या वर्गात परत आली होती.

हे सारे सहज घडत नव्हते. यामिकी, उष्मागतिकी असे विषय प्रथमच पद्धतशीर शिकवायचे असल्याने तयारीत पुष्कळ वेळ जाई. पेटंट कार्यालयात असताना मिळत होता, तेवढाही मोकळा वेळ आता मिळत नाही, असे त्यांनी मित्रांना कळवले. मोकळिकीसाठी ज्या व्यवसायाकडे ते वळले होते, त्याने मोकळीक कमीच केली होती. तरीही तयारीत त्यांनी कसूर केली नाही. बर्नचा धडा ते विसरले नव्हते. १९१० मध्ये प्राग येथील विद्यापीठाकडून त्यांना बोलावणे येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा पंधरा विद्यार्थ्यांनी सह्या करून त्यांना झुरिकमध्येच ठेवावे, असा विनंतीअर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला. त्यांचे वेतन एक हजार फ्रँकांनी वाढवण्यात आले. शिक्षक होण्यापासून फार दूर असल्याचा अभिप्राय ज्यांना दोन वर्षांपूर्वी मिळाला होता, त्यांच्यासाठी आता विद्यार्थीच अर्ज करत होते.

पुढील वाटचाल जगाला ठाऊक आहे. १९११ मध्ये प्राग, १९१२ मध्ये पुन्हा झुरिक आणि १९१४ मध्ये बर्लिन. १९१५ मध्ये त्यांनी सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत पूर्ण केला. १९२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना १९२२ मध्ये जाहीर झाले. हिटलरची राजवट आल्यावर १९३३ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे गेले आणि १८ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

१९२४ मध्ये त्यांच्याकडे ढाका विद्यापीठातून एक पाकीट आले. पाठवणारे सत्येंद्रनाथ बोस हे युरोपात फारसे कोणाला माहीत नसलेले तरुण अध्यापक होते. त्यांनी आपला निबंध सोबत जोडून तो योग्य वाटल्यास जर्मन भाषेत प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करावी, अशी विनंती केली होती. आइन्स्टाइन त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. तरीही त्यांनी निबंध लक्षपूर्वक वाचला, स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला आणि तो प्रसिद्ध करवला. त्यातूनच बोस यांचे नाव भौतिकशास्त्रात कायमचे कोरले गेले. उत्तराचा टपालखर्च भरूनही ज्यांना एके काळी उत्तर मिळाले नव्हते, त्यांनी दूरच्या देशातील एका अनोळखी शिक्षकाला उत्तर पाठवले होते.

आइन्स्टाइन यांच्या बुद्धीची बरोबरी करणे कोणालाही सोपे नाही. परंतु १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांनी जे केले, त्यासाठी असामान्य बुद्धीची गरज नव्हती. नकार देणाऱ्याचे म्हणणे त्यांनी ऐकले, त्यातील खरे तेवढे स्वीकारले, आपली उणीव ओळखली आणि त्याच परीक्षकापुढे पुन्हा उभे राहण्याची संधी मागितली. एका दिवसाच्या परीक्षेत कमी पडलेल्या कोणत्याही माणसाला हे करता येण्यासारखे आहे.